धावताना दुखत नाही

"किती?" शिंत्रे सरांनी विचारलं.

"आठ," बिरदेव म्हणाला.

मुलांच्या रांगेत खसखस पिकली. सर त्याच्यासमोर तसेच उभे राहिले. गळ्यातली शिट्टी त्यांनी मुठीत धरली होती.

"आज काय केलं आपण?"

"हळू पळलो सर. कालव्यापर्यंत जाऊन आलो."

"हळू पळलो. आणि आठ?"

"पाय जड झालेत सर."

सर पुढं सरकले. मुलांची रांग संपवून ते आमच्या रांगेशी आले. मुलींमध्ये मी पहिली उभी होते.

"वनिता, किती?"

"तीन."

"ऐकलंस का रे?" सरांनी मान मागं वळवली. "तुझी बहीण तुझ्याबरोबरच गेली आणि तुझ्या आधी परत आली. ती तीन म्हणते."

बिरदेव खाली मातीकडं बघत होता. माझा धाकटा भाऊ, माझ्याहून वर्षानं लहान. मला आनंदही झाला नाही आणि वाईटही वाटलं नाही. मैदानाच्या कडेनं उसानं भरलेली एक ट्रॉली कारखान्याकडं चालली होती. ती वळणाआड जाईपर्यंत मी तिच्याकडं बघत राहिले.

आम्ही दोघं कृष्णाकाठच्या एका निवासी क्रीडा केंद्रात होतो. गाव आमचं आटपाडीच्या पुढं, माळावर. आण्णा, म्हणजे आमचे वडील, मेंढरं घेऊन वर्षातले बरेच महिने बाहेर असायचे. शाळेच्या तालुक्याच्या स्पर्धेत आम्ही दोघंही पहिले आलो आणि शिंत्रे सर आम्हाला न्यायला स्वतः घरी आले. आईला त्यांनी सांगितलं, पोरीला पळू द्या, पळता पळता नोकरी लागेल. आई म्हणाली, मग दोघांनाही न्या, एकटीला पाठवणार नाही. बिरदेव चांगला पळायचा, पण खरं तर तो माझ्या सोबतीला आला होता.

सर त्या वर्षी पतियाळ्याहून प्रशिक्षकांचा एक कोर्स करून आले होते. पळणाऱ्याला किती कष्ट पडले हे घड्याळाला कळत नाही, ते त्यालाच विचारावं लागतं, असं त्यांना तिथं शिकवलं होतं. शून्य म्हणजे नुसतं बसून राहणं, दहा म्हणजे आता पाऊल उचलणार नाही. व्यायाम देतानाच सर मनात एक आकडा धरायचे आणि संध्याकाळी आमचा आकडा त्याच्याशी जुळतो का ते बघायचे. सकाळी पुन्हा विचारायचे, झोप लागली का, पाय मोकळे झाले का. कल्पना चांगली होती. पण ते सगळ्यांसमोर विचारायचे. त्यामुळं थोड्याच दिवसांत मुलांमध्ये तो आकडा मर्दपणाचा झाला. कुणी चारच्या वर जाईना. मैदानाच्या कडेला ओकलेला मुलगाही चार म्हणायचा. मुलींनी सहा-सात म्हटलं तर चालायचं, सर त्यांना दुसऱ्या दिवशी थोडं कमी द्यायचे. आठ वाटलं तर आठ म्हणणारा मुलांमध्ये एकटा बिरदेव होता. त्या वर्षी तो एकदम वाढला होता. पँट घोट्याच्या वर गेली होती आणि गुडघे दुखतात म्हणून तो जिना उतरताना कठडा धरायचा. सरांना वाटायचं, तो अंग चोरतोय.

मी मात्र खोटं सांगत नव्हते. मला खरंच तीन वाटायचं.

हे कधी सुरू झालं ते मला सांगता येणार नाही. पावसाळ्याच्या तोंडाला मी राज्य स्पर्धेत पदक घेतलं, तेव्हा शेवटच्या फेरीत छाती फुटायला आली होती, ते मला आठवतं. त्यानंतर सरांनी व्यायाम वाढवला. वजन थोडं उतरलं तर आणखी हलकी होशील, असंही ते सहज बोलून गेले होते. मी भात सोडला, मग भाकरी अर्धी केली. पहिले काही दिवस भूक लागायची, पुढं लागेनाशी झाली. आणि मग एकेक गोष्ट लांब गेल्यासारखी झाली. पळताना पाय माझेच होते, पण ते कुणीतरी दुसरंच हलवतंय असं वाटायचं. थंडी वाजायची, पण कुडकुडायला यायचं नाही. रात्री झोप लागायची आणि सकाळी झोपलेच नव्हते असं वाटायचं. सरांनी विचारलं तर मी म्हणायचे, "पाय मोकळे आहेत सर." मोकळे म्हणजे काय, हे मी विसरले होते.

घड्याळात वेळ मात्र चांगली येत होती. पुण्याला राष्ट्रीय स्पर्धेची निवड चाचणी होणार होती आणि केंद्रातून फक्त माझं नाव पक्कं धरलं होतं. तिथं निवड झाली की खेळाडूंच्या कोट्यातल्या नोकरीचं दार उघडतं, हे सर्वांना माहीत होतं. आईलाही. ती केंद्राच्या फोनवर फोन करायची आणि प्रत्येक वेळी विचारायची, "कवा हाय गं तुझं पुण्याचं?"

रविवारी दुपारी मुलांना गावात जायची परवानगी असायची. मुलींना नव्हती. आमच्या वसतिगृहाच्या फाटकाशी बिरदेव यायचा आणि मला काय हवं ते विचारून जायचा. साबण, पिना, केसांचं तेल. आणि महिन्यातून एकदा मेडिकलमधून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पाकीट. पहिल्यांदा मी त्याला ते सांगितलं तेव्हा माझी मान वर होत नव्हती. तो म्हणाला होता, "आण्णा मेंढरांचं बाळंतपण करत्यात, मी धरायला असतो. मला काय त्याचं." नंतर मला सांगावंही लागत नसे. तो आपणहून विचारायचा.

त्या रविवारीही तो आला.

"अक्का, काय आणायचं हाय का?"

"साबण आण."

"आणि?"

"काही नको."

तो गेला नाही. फाटकाचा गज धरून उभा राहिला.

"मागच्या महिन्यात पण नको म्हणालीस."

"मग?"

"त्याच्या मागच्या महिन्यातबी."

"जयश्रीकडं आहे. तिच्याकडून घेतलं," मी म्हणाले. जयश्री माझी खोलीतली मैत्रीण. तिच्याकडून मी काही घेतलं नव्हतं, कारण घ्यायची वेळच आली नव्हती. पावसाळा संपता संपता माझी पाळी बंद झाली होती. मला ती एक कटकट गेल्यासारखी वाटली. जयश्रीला सांगितलं तर ती म्हणाली, "नशीबवान आहेस बाई."

बिरदेव माझ्या पायाकडं बघत होता. मी डाव्या पायावरचा भार काढून उभी होते, हे त्यानं बघितल्यावर मला कळलं.

"पाय दुखतोय का?"

"नाही."

"काल कालव्यावर पण तू तो पाय जपून टाकत हुतीस."

"तू मागं होतास. तुला मागून काय दिसणार?"

हे मी लागेल असं बोलले होते. त्याला लागलंही असणार. तो साबण आणायला गेला.

नडगीच्या खालच्या भागावर एक जागा होती. बोट दाबलं तर तिथं दुखायचं. सकाळी पहिली काही पावलं टाकताना दुखायचं. पळायला लागलं की ते कुठंतरी विरून जायचं. त्यामुळं ते दुखणं आहे असं मी धरतच नव्हते.

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी मी बूट घालत असताना पाटोळे बाई खोलीत आल्या. त्या आमच्या वसतिगृहाच्या प्रमुख होत्या. कडक, पण मुलींच्या अंगावर कधी ओरडायच्या नाहीत. त्यांनी जयश्रीला बाहेर जायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

"बूट राहू दे. बस."

मी बसले.

"पाळी शेवटची कधी आली होती?"

मी त्यांच्याकडं बघत राहिले. हा प्रश्न मला तोपर्यंत कुणी विचारला नव्हता.

"येते बाई."

"कधी, ते विचारलं मी."

"गणपतीच्या आसपास."

पाटोळे बाईंनी डोळे मिटून घेतले आणि उघडले. बाहेर ऊसतोडीचा मोसम संपत आला होता. "सहा महिने होत आले पोरी," त्या म्हणाल्या. "कुणाला बोलली का नाहीस?"

"काही त्रास होत नव्हता."

"चल. सांगलीला जायचंय. सर गाडी घेऊन उभे आहेत."

"आज फेऱ्या आहेत बाई. पुण्याला जायचंय."

"चल म्हटलं ना."

सांगलीतल्या डॉक्टर बाई म्हाताऱ्या होत्या. त्यांनी माझ्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली, वजन केलं. मग मला टेबलावर बसवून त्या पायावरून बोट फिरवत आल्या.

"कुठं दुखतं?"

"कुठंच नाही."

त्यांनी त्या जागेवर अंगठा दाबला. माझा पाय आपोआप मागं ओढला गेला.

"आता?"

"आता दुखतंय."

"मग नाही का म्हणालीस?"

"धावताना दुखत नाही," मी म्हणाले.

त्यांनी फोटो काढायला पाठवलं. फोटोत हाडावर केसासारखी एक बारीक रेघ होती. मी ती बघितली. दुसऱ्या कुणाचं हाड असावं तशी बघितली.

डॉक्टर बाईंनी सरांना आत बोलावलं आणि माझ्यासमोरच सांगितलं. "ही खाते त्यापेक्षा जास्त पळते. असं पुष्कळ दिवस चाललं की शरीर एकेक काम बंद करत जातं. आधी पाळी बंद केली, मग हाडं भरून काढायचं बंद केलं. दमल्याचं सुद्धा हिला कळत नाही आता. तुम्ही दोन-तीन आठवडे उशिरा आला असतात तर हे हाड पळता पळता मोडलं असतं."

सर म्हणाले, "मी रोज विचारत होतो. ती तीन म्हणायची."

"आणि तुम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही?"

सर म्हणजे सैन्याकडून शर्यती पळालेला, ताठ चालणारा माणूस. तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता आणि त्या हाताकडंच बघत होता.

पळणं पूर्ण बंद. पुणं बंद. घरी जायचं, झोपायचं, खायचं. डॉक्टर बाई सांगत होत्या आणि मी मान हलवत होते. मला रडू येईल असं पाटोळे बाईंना वाटत असावं, कारण त्यांनी पदर हातात धरून ठेवला होता. मला काही आलं नाही.

परत येताना गाडीत मी विचारलं, "बाईंना कुणी सांगितलं?"

पाटोळे बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. सर गाडी चालवत होते. ते म्हणाले, "तुझ्या भावानं. मला येऊन सांगितलं परवा संध्याकाळी. आधी मी त्याला हाकलून दिलं. असलं बोलायला लाज वाटत नाही का म्हणालो. तो गेला नाही. सर, तुम्ही बाईंना तरी विचारायला सांगा, म्हणाला." मग ते म्हणाले, "माझ्या डोक्यात पण नसतं आलं, वनिता."

त्या गाडीत, कित्येक महिन्यांनी, मला काहीतरी वाटलं. ते बिरदेवबद्दल होतं आणि ते चांगलं नव्हतं. मला दिसत होता तो रांगेत मान खाली घालून उभा असलेला बिरदेव. आठ म्हणणारा. रोज माझ्या मागून परत येणारा. मला वाटलं, त्याला बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझी ट्रंक घेऊन एसटी स्टँडवर आला. माझ्या पायाला पट्टा बांधलेला, हातात काठी. पाटोळे बाई आटपाडीपर्यंत सोडायला येणार होत्या, त्या तिकडं चौकशीच्या खिडकीशी गेल्या होत्या.

"अक्का," तो म्हणाला, "आईला मी फोन केलाय. ती स्टँडवर येईल."

मी रिकाम्या फलाटाकडं बघत होते.

"अक्का, मला वाटलं तुझं काहीतरी बिघडलंय. तू जेवत पण नव्हतीस. म्हणून मी—"

"तुला बघवलं नाही," मी म्हणाले.

त्यानं ट्रंकेची कडी धरली.

"मी पुण्याला गेले असते. तुला जमलं नाही, मला जमत होतं. तुला बघवलं नाही. आता माझ्याशी बोलू नकोस."

मी हे अगदी हळू बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यानं ट्रंक गाडीच्या टपावर चढवली, खाली उतरला आणि गाडी हलेपर्यंत तिथंच उभा राहिला. मी खिडकीतून बघितलं नाही.

घरी मी झोपले. आईनं आतल्या खोलीत अंथरूण घालून दिलं होतं. मी सकाळी झोपायचे, दुपारी झोपायचे, दिवे लागायच्या आधी झोपायचे. आई ताट आणून ठेवायची आणि उचलून न्यायची. ती काही विचारायची नाही. शेजारच्या बायका विचारायच्या, पोरगी अशी का आली, तर ती सांगायची, "पाय मोडलाय." पुण्याचं नाव तिनं त्यानंतर काढलं नाही.

किती दिवस असे गेले माहीत नाही. एका दुपारी मी जागी झाले तेव्हा घरात खमंग वास सुटला होता. आई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती आणि बाजूला हुलग्याचं माडगं शिजत होतं. मी भिंत धरून उठले आणि तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं माझ्याकडं बघितलं आणि तव्यावरची भाकरी काढून माझ्या हातात दिली. ती भाजत होती. मी ती तशीच खाल्ली. मग दुसरी. मग वाटीभर माडगं. पोटात एक खड्डा पडला होता आणि मी खात गेले तसा तो मोठा होत गेला. मला इतकी भूक लागली होती की मला भीती वाटली. खाता खाता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, नाकातून यायला लागलं, आणि मी भाकरी तोडायची थांबत नव्हते. आई पीठ मळत राहिली. तिच्या स्वतःच्या वाटणीचं पीठ संपलं तेव्हा ती उठून शेजारच्या बायकांकडून उसनं घेऊन आली आणि पुन्हा थापायला बसली.

त्यानंतर रोज पाय दुखू लागला. हाड भरून येत होतं तरी दुखत होता, आणि मला बरं वाटायचं. मी दमायला लागले होते. विहिरीवर जाऊन आले तरी दमायचे. उन्हाळ्याच्या मध्यावर पाळीही आली.

बिरदेव चैत्रात घरी आला. सुट्टी लागायला अजून वेळ होता. त्याच्या डोक्यावर ट्रंक होती. आईनं विचारलं तर म्हणाला, "गुडघं लई दुखत्यात. नाही जमणार मला." आण्णा मेंढरांसह परत आले होते, त्यांनी ट्रंक त्याच्या डोक्यावरून उतरवून घेतली. माझ्या मनात आलं, आठ म्हणणाऱ्याचं शेवटी असंच व्हायचं.

तो पूर्ण उन्हाळा मी त्याच्याशी बोलले नाही. एका घरात, एका पंगतीला. त्याला काही सांगायचं असलं तर मी आईला सांगायचे. तो मात्र बोलायचा. "अक्का, पाणी तापलंय." "अक्का, डॉक्टरनं बोलावलंय उद्या." मी उठून जायचे. काही दिवसांनी त्यानंही सोडून दिलं.

जूनमध्ये सर मला न्यायला आले. डॉक्टर बाईंनी हळूहळू सुरू करायला सांगितलं होतं. सर आईशी बोलले, आण्णांशी बोलले. मग त्यांनी बिरदेवला बाजूला घेऊन काहीतरी विचारलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. मी एकटीच गेले.

केंद्रात आता सर रांगेत काही विचारत नव्हते. प्रत्येकाला वेगळं बोलवायचे, मुलींचं पाटोळे बाई बघायच्या, आणि आकडा सांगितला तरी सर जेवणाच्या वेळी येऊन ताटाकडं बघून जायचे. मी पुढच्या वर्षभर काही जिंकले नाही. त्याच्या पुढच्या वर्षी जिंकले. मग पोलीस खात्यात लागले, आणि गेली बरीच वर्षं तिथंच आहे.

बिरदेवशी मी पुढं बोलू लागले, पण कामापुरतं. तो गावीच राहिला. त्यानं आण्णांची मेंढरं विकून टाकली आणि माळावर डाळिंब लावलं. त्याचं लग्न झालं, माझं झालं. एकमेकांच्या लग्नात आम्ही राबलो. आमच्यात वैर नव्हतं. एक पडदा होता आणि दोघांनाही त्याची सवय झाली होती.

मागच्या वर्षी भरतीच्या मैदानावर माझी ड्यूटी होती. तिथं एक शिक्षक आपली मुलं घेऊन आला होता. त्यानं मला ओळखलं. सर्फराज शिकलगार, केंद्रात अडथळ्यांची शर्यत पळायचा. आम्ही चहा घेतला. जुन्या मुलामुलींची चौकशी झाली. मग तो म्हणाला, "आणि बिरदेव? बोलतो का आमच्याबद्दल कधी?"

"नाही. का?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"तुम्हाला माहीत नाही?"

मग त्यानं सांगितलं. बिरदेव सरांकडं गेला त्या संध्याकाळी सरांच्या खोलीबाहेर दोन मोठी मुलं झाडू मारत होती. त्यांनी सगळं ऐकलं. जेवणाच्या आत ते सबंध वसतिगृहात झालं होतं. बिरदेवचं नाव नर्सबाई पडलं. तो रांगेत आला की मुलं दोन्ही हातांनी पोट धरायची. त्याच्या खाटेवर लाल शाई ओतलेले कपडे टाकायची. आंघोळीला गेला की बाहेरून विचारायची, नर्सबाई, आज कुणाची तारीख. तो मारामारी करायचा नाही, सरांना सांगायचा नाही. सरांना सांगितलं तर बहिणीचं नाव पुन्हा निघेल, असं तो सर्फराजला म्हणाला होता.

"मी पण होतो त्यांच्यात," सर्फराज म्हणाला. "पुढं पुढं नव्हतो. पण होतो."

मी रविवारची सुट्टी टाकून गावी गेले. बिरदेव बागेत डाळिंबाची छाटणी करत होता. मी बांधावरून त्याच्या ओळीत गेले. त्यानं वर बघितलं, "अक्का, अशी अचानक?" म्हणाला, आणि कात्री चालू ठेवली.

"सर्फराज भेटला होता."

"कुठला?"

"केंद्रातला."

"बरा हाय का?"

"त्यानं सांगितलं मला. पोरं तुला काय म्हणायची ते."

त्यानं एक फांदी कापली, ती ओढून बाजूला टाकली. "पोरं काय गं. बोलत्यात. सोळा-सतरा वर्षांची पोरं."

"म्हणून तू परत आलास."

"न्हाई," तो म्हणाला. कात्रीच्या पात्याला चिकटलेली साल तो अंगठ्यानं काढत होता. "ते सोसलं असतं मी. तू घरी हुतीस. माझ्याशी बोलत नव्हतीस. मला वाटलं, घरी जाऊन राहावं. रोज समोर दिसलो की बोलशील कवातरी."

"आणि मी जूनमध्ये निघून गेले."

"व्हय."

"सर आले होते तेव्हा तुला विचारत होते."

"चल म्हणत हुते. तू हो म्हणाली असतीस तर आलो असतो. तू गाडीत जाऊन बसली हुतीस."

मी त्याच्यासमोर उभी होते. मला काय म्हणायचं होतं ते मी वाटेत ठरवून आले होते. त्यातलं काहीच आता म्हणण्यासारखं राहिलं नव्हतं. ऊन चढलं होतं. त्याच्या कानामागं घाम आला होता आणि केस पिकायला लागले होते. ते मी आधी बघितलं नव्हतं.

"त्या उन्हाळ्यात," मी विचारलं, "तू दिवसभर काय करायचास?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी खरंच विचारतेय का, ते तो बघत असावा. मग त्यानं पुढच्या झाडाला हात घातला.

"पहाटे उठून माळाच्या टोकापर्यंत पळून यायचो," तो म्हणाला. "तू उठायच्या आत परत."

"एकटा?"

"एकटाच. एक कुत्रं यायचं मागनं. आण्णांचं न्हवं, त्या वरच्या वस्तीवरचं."

तो सांगत गेला. कुत्र्याचं, विहिरीत पोहायचं, एका कोकराचं. मी त्याच्या मागून ओळीनं चालले आणि तो टाकत होता त्या फांद्या उचलून बांधाकडं नेऊ लागले.